त्यांनी नाकारलेले नाव

दर वर्षी आठ मार्चच्या सुमारास एक घोषणा आता मराठीतही वाचायला मिळते: "तुम्हाला ज्यांना जाळता आले नाही, त्या चेटकिणींच्या आम्ही नाती आहोत." महाविद्यालयांतल्या भित्तिपत्रकांवर ती असते, टी-शर्टवर असते, आणि तिच्यावरून वादही झडतात. या वादाची तऱ्हा ठरून गेली आहे. एक बाजू म्हणते, हे परदेशी खूळ आहे. आपल्याकडे स्त्री ही देवी, तिने स्वतःला चेटकीण कशाला म्हणवून घ्यावे? दुसरी बाजू म्हणते, चेटकीण म्हणजे मुळात शहाणी बाई. तिला झाडपाला कळत होता, बाळंतपण करता येत होते, आणि म्हणूनच धर्मसंस्थेने व वैद्यकाच्या पुरुषी धंद्याने मिळून तिला जाळले. तेव्हा तिचे नाव अभिमानाने लावणे हे तिचे ऋण फेडणे आहे. पहिल्या बाजूला उत्तर देण्यात फार शब्द खर्च करावेत असे मला वाटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात जादूटोण्याच्या संशयातून झालेल्या ८५ हत्यांची नोंद आहे. त्या देशात 'आम्ही स्त्रीला देवी मानतो' हे उत्तर होऊ शकत नाही. माझा वाद दुसऱ्या बाजूशी आहे, आणि तो घरच्या माणसांशी असावा तसा आहे, कारण त्यांना जे हवे आहे तेच मलाही हवे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या आज्या-पणज्यांचे ज्ञान खरे होते, ते हिरावले गेले हेही खरे, आणि ते परत मिळवणे हे काम आहेच. पण चेटकीण हे नाव त्या आज्यांचे कधीच नव्हते. ते आरोप करणाऱ्याच्या तोंडातले नाव होते, आणि कित्येक जणींनी ते मान्य करण्यापेक्षा मरण पत्करले. आज आपण ते त्यांच्या वतीने मान्य करतो तेव्हा नकळत आरोप करणाऱ्याची साक्ष खरी ठरवत असतो.

या प्रतिमेत ताकद नाही असे मात्र कोणी म्हणू नये. फ्रेंच इतिहासकार ज्यूल मिशले यांनी १८६२ मध्ये चेटकिणीला गोरगरिबांची वैद्य आणि बंडखोर म्हणून रंगवले. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचणाऱ्या मॅटिल्डा जोसलिन गेज यांनी १८९३ मध्ये चेटकिणींच्या छळाकडे स्त्रीद्वेषाचा इतिहास म्हणून पाहायला शिकवले. १९६८ च्या हॅलोवीनला न्यूयॉर्कमधल्या काही तरुणी चेटकिणींच्या वेषात वॉल स्ट्रीटवर उतरल्या आणि त्यांनी शेअरबाजाराला शाप दिला. सत्तरच्या दशकात इटलीच्या रस्त्यांवर "थरथरा, थरथरा, चेटकिणी परत आल्या आहेत" अशा आरोळ्या देत बायकांचे मोर्चे निघाले. रात्री एकटीने रस्त्यावरून जायची ज्यांना भीती वाटत असे, त्यांनी तीच भीती समोरच्यावर उलटवली. हा अनुभव किती मोकळे करणारा असेल हे मला समजते, आणि त्या बायकांना मी उथळ म्हणणार नाही.

याहून भक्कम मुद्दा आपल्या घरातला आहे. तो या वादात कोणी मांडत नाही याचे मला आश्चर्य वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'राक्षस' हा शब्द उलटा करून दाखवला: राक्षस म्हणजे रक्षक, आपल्या मुलखाचे रक्षण करणारे लोक, आणि जिंकणाऱ्यांनी त्यांना बदनाम केले. पुराणांनी पाताळात घातलेला बळी त्यांनी शेतकऱ्याचा राजा म्हणून पुन्हा उभा केला. मग राक्षसाचा रक्षक होऊ शकतो, तर चेटकिणीची शहाणी का होऊ नये? या प्रश्नाला 'ते वेगळे आहे' एवढे म्हणून सुटता येणार नाही. काय वेगळे आहे ते सांगावे लागेल. बळीचे नाव त्याच्या माणसांनी टाकले नव्हते. फुल्यांच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखातल्या बायका दिवाळीत ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" म्हणत आल्या. म्हणजे शत्रूने डागाळलेले नाव घरात जपले गेले होते. फुल्यांनी ते चव्हाट्यावर आणले आणि त्याचा अर्थ लावला. सातपुड्यात चेटकिणीला डाकीण म्हणतात. तिथल्या कुठल्या घरात लेकीने "माझी आई डाकीण होती" हे असे जपले आहे? तिथे ते नाव लेकीच्या सोयरिकीच्या आड येते, नातवंडांच्या पाठीला लागते. दुसरा फरक याहूनही मूलभूत आहे. जात, रंग किंवा प्रेमाची रीत यांवरून दिलेली शिवी उचलून धरता येते, कारण शिवीमागची माणसे खरी असतात, त्यांचे तसे असणे खरे असते, आणि लाज तेवढी खोटी असते. 'चेटकीण' या शब्दामागे मात्र एक गुन्हा आहे: नजरेने मूल मारणे, मंत्राने गाईचे दूध आटवणे, पीक करपवणे. तो गुन्हा कोणीही कधीही केलेला नाही. जे घडलेच नाही त्याचा अभिमान कोणी कसा धरायचा?

आता इतिहासाकडे वळू. शहाण्या बाईचा सिद्धान्त हवेतून आलेला नाही. हाइनरिक क्रामर या धर्मगुरूने १४८६ च्या सुमारास चेटकिणींच्या शोधाचे जे कुप्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात सुईणींइतके धर्माचे नुकसान कोणीच करत नाही असे म्हटले आहे. स्कॉटलंडमध्ये १५९१ मध्ये मारल्या गेलेल्या ॲग्नेस सॅम्सन या खरोखरच लोकांना बरे करणाऱ्या आणि बाळंतपणे करणाऱ्या होत्या. बव्हेरियातल्या डिलिंगेन गावची वालपुर्गा हाउसमानिन ही परवानाधारक सुईण १५८७ मध्ये जाळली गेली. ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांवरून नियम बांधता येत नाही. १९७० नंतर इतिहासकारांनी पुस्तके बाजूला ठेवून गावोगावचे न्यायालयीन कागद वाचायला घेतले, तेव्हा आरोपींमध्ये सुईणी मोजक्याच निघाल्या. उलट आरोपी बाईच्या अंगावर सैतानाची खूण आहे का हे तपासायला न्यायालये सुईणींनाच बोलावत. बरे करणारे लोक अनेकदा आरोप करणाऱ्याच्या बाजूला असत. दुखणे उतरले नाही की कोणीतरी करणी केली आहे असे तेच सांगत. आपल्याकडे भगत हेच काम करतो. घोषणांमधून फिरणारा 'नव्वद लाख' हा आकडाही अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाने एका गावच्या नोंदींवरून सबंध युरोपासाठी मांडलेल्या त्रैराशिकातून आला आहे. आज अभ्यासक सुमारे ४० ते ६० हजार बळी मानतात, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या. आइसलँडमध्ये मात्र जाळले गेलेले जवळजवळ सगळे पुरुष होते. साठ हजारांचा आकडा आपल्याला कमी वाटतो काय, की त्याला फुगवून नव्वद लाख करावे लागावे? आकडा खोटा निघाला की विरोधकाला सगळाच छळ खोटा म्हणायची सोय होते. मेलेल्यांवर हा दुसरा अन्याय आहे.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गोष्ट सेलमची आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या या वसाहतीत १६९२ मध्ये चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष अशा १९ जणांना फाशी दिले गेले. जाळले कोणालाच नाही. इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत चेटकाची शिक्षा फाशी होती. या खटल्यांत एक विचित्र गोष्ट घडली. "होय, मी चेटकीण आहे" असे ज्यांनी कबूल केले, त्या वाचल्या. जे फासावर गेले ते कबूल न करणारे, किंवा कबुली मागे घेणारे होते. रेबेका नर्स एकाहत्तर वर्षांच्या होत्या, कानाने कमी ऐकत होत्या, आणि शेवटपर्यंत त्यांनी नकारच दिला. त्यांची बहीण मेरी ईस्टी हिने फाशीपूर्वी न्यायालयाला अर्ज लिहिला. त्यात स्वतःचे प्राण वाचवायची याचना नव्हती, यापुढे आणखी निरपराध रक्त सांडू नये एवढीच मागणी होती. या बायकांपुढे जगण्याचा मार्ग मोकळा होता. त्यासाठी एकच शब्द स्वतःला लावून घ्यायचा होता, आणि तो त्यांनी लावून घेतला नाही. आज त्यांच्या नाती म्हणवून घेत आपण तोच शब्द छातीवर लावतो, तेव्हा त्यांनी जीव देऊन सांगितलेल्या गोष्टीचे काय करतो?

काटारीना केप्लर यांचीही हीच कथा, फक्त शेवट वेगळा. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या योहानेस केप्लर यांच्या त्या आई. जर्मनीतल्या लेओनबेर्ग गावी राहणारी ही विधवा लिहावाचायला शिकलेली नव्हती, पण औषधी वनस्पतींची तिला माहिती होती. १६१५ मध्ये शेजारणीने आरोप केला की काटारीनाने पाजलेल्या कडू पेयामुळे आपण आजारी पडलो. हळूहळू सगळ्या गावाला जुनी दुखणी आठवू लागली: कोणाचा पाय दुखला होता, कोणाचे जनावर मेले होते. १६२० मध्ये त्यांना अटक झाली. सत्तरी ओलांडलेल्या या बाईला चौदा महिने बेड्यांत ठेवले गेले. मुलाने आपले खगोलाचे काम बाजूला सारून आईचा बचाव लिहिला, आणि त्याची रीत पाहण्यासारखी आहे: आईकडे गूढ शक्ती आहे असे त्याने कुठेही सुचवले नाही, प्रत्येक दुखण्याचे साधे कारण दाखवले, प्रत्येक साक्षीतली विसंगती पकडली. शेवटी छळाची हत्यारे काटारीनापुढे मांडून एकेकाचा उपयोग समजावून सांगितला गेला. अंगातली एकेक शीर ओढून काढलीत तरी माझ्याकडे कबूल करण्यासारखे काही नाही, असे त्या म्हणाल्या. १६२१ च्या शरद ऋतूत त्या सुटल्या, पण गावकरी जिवावर उठलेले असल्याने लेओनबेर्गला परतू शकल्या नाहीत, आणि पुढच्या वसंतातच वारल्या. त्यांना वनस्पती कळत होत्या हे खरे. पण त्यांचा शेजार त्या ज्ञानाला भ्यायला नव्हता. त्याला आपल्या दुखण्यासाठी एक गुन्हेगार हवा होता, आणि एकटी, फटकळ, म्हातारी बाई हाताशी होती.

मग स्त्रियांचे ज्ञान गेले कुठे? ते चितेवर जळाले असे म्हटले की उत्तर चटकन मिळते, आणि खरा चोर सुटतो. पॅरिसमध्ये १३२२ मध्ये जाकोबा फेलिसी हिच्यावर खटला झाला. तिच्यावर चेटकाचा आरोप नव्हता. परवान्याविना वैद्यकी करण्याचा होता. विद्यापीठाच्या विद्वानांना जे बरे करता आले नव्हते ते हिने बरे केले, असे रुग्णांनी न्यायालयात येऊन सांगितले. तरीही तिला बंदी झाली, कारण परवान्यासाठी विद्यापीठाचे शिक्षण लागत होते आणि विद्यापीठात बाईला प्रवेश नव्हता. अशा कागदांनी, पदव्यांनी आणि शिक्क्यांनी पाचशे वर्षांत स्त्रियांच्या हातून वैद्यकी काढून घेतली. जे उरले ते निनावी झाले. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचा जलोदरावरचा उपयोग जगापुढे मांडला, आणि हृदयविकाराचे डिजिटॅलिस हे औषध वैद्यकात रुळले. हे घरगुती औषध आपल्याला श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईमुळे कळले, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. तिचे नाव मात्र लिहिले नाही. विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीने तिला 'मदर हटन' हे नाव आणि काल्पनिक चेहरा दिला, आणि पुढे तोच इतिहास म्हणून सांगितला गेला. खऱ्या बाईचे नाव नाही, आणि तिच्या जागी रंगवलेले चित्र मात्र आहे. चेटकिणीच्या गौरवातून नेमके हेच होते, म्हणून मला त्याची भीती वाटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे: पुण्या-मुंबईतली मुलगी स्वतःला चेटकीण म्हणवते ते प्रतीक म्हणून, नंदुरबारच्या डाकीण प्रथेशी त्याचा काय संबंध? संबंध भाषेचा आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर डाकीण हे प्रतीक नसते, तो निकाल असतो. पोर तापाने फणफणते, आजार हटत नाही, भगत दाणे टाकून नाव काढतो, आणि ते नाव बहुधा अशा बाईचे निघते जिचा नवरा वारलेला असतो किंवा जिच्या वाट्याच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, काही दिवसांतच अध्यादेश निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. या कायद्याने कोणावर करणी केल्याचा ठपका ठेवून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा ठरवला. असे करताना कायद्याने बाईकडे शक्ती आहे की नाही या वादात पडायचेच नाकारले. आरोप करणाराच दोषी, एवढे त्याने म्हटले. आता शिकलेली बाजू म्हणू लागली की त्या बायकांकडे खरोखर काही गूढ ज्ञान होते, पुरुषांना त्याची धास्ती होती, तर भगताचे म्हणणे अर्धे सिद्ध झाले. तो त्या शक्तीला वाईट म्हणतो, आपण चांगली म्हणतो. शक्ती आहे यावर दोघांचे एकमत होते.

झारखंडच्या चुटनी महतो यांना १९९५ मध्ये गावाने डायन ठरवले, मारहाण केली, घर सोडायला लावले. पुढे त्यांनी अशा छळातून अनेक जणींना सोडवले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी आसामच्या बिरुबाला राभा यांनाही तो सन्मान मिळाला. त्यांचा आजारी मुलगा तीन दिवसांत मरणार असे एका देवऋषी बाईने सांगितले होते. तीन दिवस गेले आणि मुलगा जिवंत राहिला. बिरुबालांनी एवढ्यावरून ठरवले की सांगणारी खोटे बोलते, आणि उरलेले आयुष्य डायन ठरवलेल्या बायकांना वाचवण्यात घालवले. स्त्रीचे शहाणपण कसे दिसते असे मला कोणी विचारले तर मी हे उदाहरण देईन: शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आईने एका भाकिताला तीन दिवसांची मुदत दिली आणि निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यांना जाऊन कोणी सांगितले असते का, की डायन हे मानाचे नाव आहे?

आपल्या भाषेत या ज्ञानाला स्वतःचे नाव आहे. ते उसने आणावे लागत नाही. आजीबाईचा बटवा, सुईण, वैदीण, ही नावे घरात वापरलेली आहेत. माझी आजी कऱ्हाडजवळच्या खेड्यात बाळंतपणे करत असे. तिची सहाण मी पाहिली आहे. मधोमध खड्डा पडलेली. बाळगुटी उगाळताना ती वेढे मोजायची: मुरुडशेंगेचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धाच, कारण जायफळाने पोर गुंगते. बाळाला जुलाब झाले की हिरडा बंद, पोट धरले की पुन्हा सुरू. हे मंत्र नव्हते, मात्रा होती, आणि ती चुकली तर काय होते हेही तिला माहीत होते. पण हीच आजी बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकायला लावायची, तो बाळाला बाधतो म्हणून. त्या चिकात बाळाला रोगांपासून वाचवणारे बरेच काही असते हे आज आपल्याला माहीत आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये असे सांगणारे बालरोगतज्ज्ञ तिच्या गुटीलाही नको म्हणतील, आणि त्यांचे ऐकले पाहिजे. आजीला चेटकिणीसारखे गूढ केले की तिची चूक दाखवताच येत नाही, आणि मग तिचे बरोबर होते तेही बरोबर म्हणून उरत नाही, नुसते पूजनीय होते. ज्ञान म्हणायचे असेल तर ते तपासायची मुभा हवी. हा मान आपण कुठल्याही पुरुष वैद्याला देतो; आजीला तो नाकारायचे कारण नाही.

हे करून दाखवलेले आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या आदिवासी स्त्रियांशी बोलून कोणत्या झाडाचे काय उपयोगी पडते ते ऐकले आणि टिपून ठेवले. त्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत डॉ. अभय बंग आणि त्यांनी दायांना आणि थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, श्वास मोजायला, वजन करायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. गावातल्या बाईच्या हाताला जे येत होते त्याला नव्या ज्ञानाची जोड मिळाली, आणि पोरे वाचली. स्कॉटलंडनेही २०२२ च्या महिला दिनी योग्य रीत दाखवली. तिथल्या सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी चेटकाच्या कायद्याखाली छळल्या गेलेल्यांची जाहीर माफी मागितली, ती त्या थोर चेटकिणी होत्या म्हणून नव्हे, त्या निरपराध होत्या म्हणून. ॲग्नेस सॅम्सन वैद्य होत्या हे आपण सांगावेच. पण ज्यांना एकही पाला ओळखता येत नव्हता, ज्या फक्त गरीब आणि भांडखोर होत्या, त्यांना मारणेही तितकेच अन्यायाचे होते. निरपराध ठरायला बाईने विशेष असावे लागू नये.

गेल्या दिवाळीपासून मी आईकडून आजीचा बटवा लिहून घेते आहे. वहीत चार रकाने आखले आहेत: काय, किती वेढे, कितव्या महिन्यात, आणि आजचे डॉक्टर काय म्हणतात. पहिल्या पानावर आजीचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे पूर्ण लिहिली आहेत. चिकाच्या नियमावर मी रेघ ओढली आणि शेजारी कारण लिहिले. आईने ते वाचले, थोडा वेळ गप्प बसली, आणि म्हणाली की मुरुडशेंगेचे दोन नाही, तिसऱ्या महिन्यानंतर तीन वेढे. ते दुरुस्त कर.